राजीखुशीने

माझीच सही मला पटकन ओळखू आली नाही. तिने मोबाइलवर फोटो मोठा करून दाखवला. जुना स्टॅम्प पेपर, मूल संस्थेला देताना एका आईने लिहून दिलेलं त्यागपत्र, घड्यांच्या जागी पिवळं पडलेलं, आणि तळाशी 'साक्षीदार' या शब्दाखाली दोन ओळी. दुसऱ्या ओळीत कोणीतरी 'कु.' लिहून पुढे झोकदार सही केली होती. आडनावाच्या शेवटच्या अक्षराला उगाच लांब शेपटी. चोवीस वर्षांच्या मुलीला आपल्या सहीचं जे काही कौतुक असतं, ते सगळं त्या शेपटीत होतं. डिसेंबर १९८४. ती मुलगी मी.

कागदाचा वरचा भाग जवळजवळ सगळा काळा होता. लिहून देणारीचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, गाव, तालुका, सगळ्यावर जाड शाई फिरवलेली. झाकणाऱ्याचा हात जरा घाईचा असावा. नावाआधीचा 'कु.' सुटला होता. म्हणजे त्या एका कागदावर दोन 'कु.' होते, एक लिहून देणारीचा आणि एक साक्षीदाराचा. कागदाप्रमाणे तिचं वय एकवीस.

फोटो दाखवणारी बाई चाळिशीची, स्वीडनच्या दक्षिणेला माल्मोजवळच्या एका शाळेत मुलांना सुतारकाम शिकवते. तिथे शाळेत हा सक्तीचा विषय असतो, मुलामुलींना दोघांनाही. मला शोधायला तिला चार वर्षं लागली होती, कारण कागदावरचं माझं नाव जगात उरलेलंच नव्हतं. १९८७ मध्ये माझं लग्न झालं. आडनाव गेलं, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नावही लिहिलं गेलं. रेशनकार्ड, बँक, पीएफ, सगळं त्याच नावाने. जुन्या नावाने हाक मारणारी आता एक थोरली बहीण तेवढी राहिली आहे. शेवटी आमच्या अनाथालयात मुलं सांभाळणाऱ्या जुन्या मावश्यांपैकी एकीच्या सुनेकडून धागा लागला. हे सांगितल्यावर ती हसली. म्हणाली, म्हणजे तुमचंही नाव बदललंच की. बदललं खरं. पण मला ताटातलं नाव वाचता येत होतं.

मी कर्वे समाजसेवा संस्थेतून शिकून १९८३ मध्ये पुण्यातल्या एका अनाथालयात समाजसेविका म्हणून लागले. कुठलं ते लिहीत नाही; लिहिलं की लोक माझं सोडून त्या इमारतीबद्दल बोलायला लागतात. माझं काम होतं मुलांचे अहवाल लिहिण्याचं. प्रत्येक मुलाचा एक 'चाइल्ड स्टडी'. इंग्रजीत, दोन पानं, टाइप केलेली, कार्बन घालून तीन प्रती. एक कोर्टाला, एक परदेशातल्या संस्थेला, एक आमच्या फाईलला. पहिल्या पानावर वजन, उंची, लसी, दात, 'बाळ हसरं आहे'. दुसऱ्या पानावर 'पार्श्वभूमी'. या पार्श्वभूमीचं एक ठरलेलं इंग्रजी आमच्या ऑफिसात तयार होतं. नवीन आलेली मुलगी ते आठवड्याभरात शिकायची. आई अविवाहित, सामाजिक कलंकामुळे मुलाचा सांभाळ करण्यास असमर्थ, मुलाच्या उज्ज्वल भवितव्यासाठी संस्थेच्या स्वाधीन. 'सामाजिक कलंक' ही गोळी आम्ही सगळ्या दुखण्यांवर दिली.

मूल सोडायला येणाऱ्या आया खरं तर असं काही बोलत नसत. त्या म्हणत, "भावाचं लगीन हाय चैत्रात." म्हणत, "हिला आता कुठं ठिवू?" एकजण म्हणाली होती, "आई घेते म्हनली हुती, पर बा नको म्हनला." एकीने काहीच न बोलता माझ्या टेबलावरचं पेपरवेट पंधरा मिनिटं फिरवलं. हे सगळं मी ऐकायची आणि मग रेमिंग्टनवर बसून 'कौटुंबिक परिस्थिती' असं टाइप करायची. फॉर्ममध्ये जागाच तेवढी होती. पण खरं कारण जागा हे नव्हतं. तिकडे वाचणारी माणसं परकी, त्यांच्यापुढे आपल्या माणसांची भाषा कशाला काढायची, असं काहीतरी मनात असायचं. लाजच म्हणा. मूल द्यायला हरकत नव्हती, बोली द्यायची लाज होती.

आता हीच दोन पानं घेऊन माणसं परत येतात. तिकडे त्यांचं स्वीडिश, डच, जर्मन होतं. ती मुलं वयात आली की आईवडील कपाटातून काढून देतात. वर्षानुवर्षं उशाशी ठेवून पाठ केलेली. मी एका दुपारी जेवायच्या सुट्टीआधी उरकलेली पानं.

आपल्याकडे दत्तक म्हटलं की शाळेतल्या इतिहासातलं 'दत्तक वारस नामंजूर' आठवतं. नाहीतर कवळाण्याचा गोपाळ, १८७५ साली बडोद्याच्या गादीवर बसून सयाजीराव झालेला. तोही गायकवाडांच्याच भाऊबंदकीतला. आपलं दत्तक हे गादीला, शेताला, पिंडाला लागायचं. कुणाचं कोण माहीत नसलेलं मूल घरात आणणं ही वेगळीच गोष्ट, आणि ती करणारं आपल्याकडचं मोठं नाव म्हणजे जोतीराव आणि सावित्रीबाई. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, आणि तिथे बाळंत झालेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा पुढे दत्तक घेतला. तोच यशवंत, नंतर डॉक्टर झाला. पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये असाच बालकाश्रम निघाला. वारीच्या गर्दीत मागे राहिलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या आयांसाठी. फुल्यांनी आपल्या पुण्यातल्या गृहाची जाहिरात भिंतींवर लावली होती. विधवांनो, इथे गुपचूप येऊन बाळंत व्हा. मूल न्यायचं की ठेवायचं ते तुमच्या खुषीवर. 'खुषी' हा शब्द तिथेही आहे. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

तर यशवंतानंतर शंभर वर्षांनी आमच्या ऑफिसात जी पुण्यामुंबईची जोडपी यायची, त्यांना काय हवं असायचं? मुलगा. सहा महिन्यांच्या आतला. गोरा. आणि आवाज खाली आणून, "जरा चांगल्या घरातला." एका गृहस्थांनी मला पत्रिका मागितली होती. मुली राहायच्या, सावळी मुलं राहायची, तिरळा डोळा असलेली, ओठ फाटलेली, वर्षाच्या पुढची राहायची. त्यांची पासपोर्टं निघायची. परदेशी दत्तकाबद्दल कुणी गळा काढला की मला ही जोडपी आठवतात, आणि परदेशी दत्तकाचं कुणी फार गुणगान केलं की दुसरी माणसं आठवतात. त्यांच्याबद्दलही लिहिते.

कायदा तेव्हा असा होता की १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने हिंदू नसलेल्या परदेशी माणसाला इथे दत्तक घेताच येत नव्हतं. म्हणून १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयातून फक्त पालकत्व घ्यायचं, मूल विमानाने न्यायचं आणि दत्तकाचा विधी त्यांच्या देशातल्या कायद्याने. माझ्या आधीच्या काळात तान्ही मुलं कुणा ओळखीच्या प्रवाशासोबतही जायची. 'एस्कॉर्ट' म्हणायचे. एका बाईच्या हाती दोन-दोन, तीन-तीन बाळं. यातल्या गैरप्रकारांवर लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, ते पत्रच याचिका म्हणून घेतलं गेलं, आणि ६ फेब्रुवारी १९८४ ला न्यायमूर्ती भगवतींचा निकाल आला. आधी भारतीय कुटुंब शोधा, मगच परदेशी. घरपाहणीचा अहवाल मान्यताप्राप्त संस्थेचाच हवा. प्रत्येक प्रकरण कोर्टाने दुसऱ्या, स्वतंत्र संस्थेकडून तपासून घ्यावं. आमच्या ऑफिसात निकालाची सायक्लोस्टाइल प्रत आली तेव्हा सगळ्यांनी आधी डोक्याला हात लावला, कारण काम तिप्पट झालं. आता वाटतं, तो आणखी दहा वर्षं आधी यायला हवा होता.

पण त्याचा एक परिणाम कुणाच्या लक्षात आला नव्हता. तपासणी वाढली, तारखा वाढल्या, आणि मुलं जाताना मोठी व्हायला लागली. आधी तीन-चार महिन्यांचं बाळ जायचं, ते रडायचं तेही जगातल्या कुठल्याही बाळासारखं. आता वर्षाची, दीड वर्षाची मुलं जायला लागली, आणि ती मराठी शिकून जायला लागली. भुर्र, मंमं, चिऊ, बाऊ. मावश्यांच्या हातची भाषा.

ही सुतारकामवाली अशीच, १९८६ च्या मे महिन्यात गेली. अठरा महिन्यांची. तिच्या तिकडच्या आईबापांनी आधी अल्बम पाठवला होता. सगळेच पाठवत. लाल लाकडी घर, पांढऱ्या चौकटी, अंगणात उभी जोडी, एक कुत्रा, आजी, बाळाची खोली. अल्बम आला की मावश्या गोळा व्हायच्या. बर्फाचा फोटो निघाला की आमच्या पारूमावशी हमखास म्हणायच्या, "पोरगं गारठंल की हो." कुत्रा घरात आहे याचं त्यांना फार वाईट वाटायचं. मग महिनाभर रोज मुलाला फोटो दाखवायचे, "ही कोण? आई. हा कोण? बाबा." कागदाच्या आईला मुलं पापी द्यायला शिकायची. नेण्याच्या दिवशी ती खरी समोर आली की मावशीच्या पदरात तोंड लपवायची.

जूनअखेर तिच्या घरून पत्र आलं. सगळं उत्तम आहे, ती जेवते, झोपते, कुत्र्याला मुळीच घाबरत नाही. फक्त एक शब्द ती सारखा म्हणते, त्याचा अर्थ कळवाल का? खाली इंग्रजी अक्षरांत नीट सुटं-सुटं लिहिलं होतं: नको. अंघोळीला म्हणते, झोपताना म्हणते, उचलून घेतलं की म्हणते. आम्हाला वाटलं तिच्या एखाद्या लाडक्या माणसाचं किंवा खेळण्याचं नाव असावं, म्हणून आम्ही तिच्या बाहुलीचं नाव नको ठेवलं आहे. बाहुली दिली की ती थोडा वेळ गप्प होते.

मी एरोग्रामवर उत्तर लिहिलं. अर्थ सांगितला, सोबत दहा-बारा शब्दांची यादी दिली. पत्र जायला दोन आठवडे, उत्तर यायला दोन आठवडे. त्यांचं आभाराचं पत्र आलं तोवर ऑगस्ट लागला होता. त्यात लिहिलं होतं की आता ती तो शब्द म्हणत नाही, स्वीडिशमध्ये 'दिवा' आणि 'अजून' म्हणायला लागली आहे. डिसेंबरात फोटो आला. डोक्यापासून पायापर्यंत लाल गुबगुबीत कपड्यात बर्फात बसलेली, मांडीवर बाहुली. पारूमावशींनी तो फोटो बरेच दिवस भांडारघराच्या दाराला आतून लावून ठेवला होता.

बाहुली अजून आहे म्हणाली. तिच्या मुलीकडे आहे, आणि नाव तेच आहे. तिच्या घरात तो एवढा एकच मराठी शब्द. त्याचा अर्थ तिला बाराव्या वर्षी कळला, माझ्याच एरोग्राममधून.

'रूट्स'ला, म्हणजे आपली मुळं शोधायला, येणारी ही माझी पहिली नव्हती. निवृत्तीच्या आधीपासून अशी माणसं यायला लागली होती. कायदा याबाबतीत अवघड आहे, आणि मला तो बरोबर वाटतो. मुलाला आपल्याबद्दलची माहिती मागता येते, पण त्या हक्कापायी जन्मदात्या आईची गुप्तता मोडता येत नाही. ती आई आज साठीची असेल, सुना-नातवंडांची असेल, आणि घरात कुणालाच काही माहीत नसेल. तिच्या दारात परदेशी पाहुण्यांची गाडी उभी राहिली तर गाव दोन दिवसांत सगळं जोडून काढील. त्यामुळे मी पत्ता कधी सांगितला नाही. पण पत्ता नाही म्हटल्यावर ते हमखास पुढचा प्रश्न विचारतात. तुम्ही तिला पाहिलं होतं ना? कशी होती?

सुमारे बारा वर्षांपूर्वी हॉलंडहून एकजण आला होता. उंच, मोठ्या हातांचा, भयंकर नम्र. त्याने हा प्रश्न विचारला आणि मी म्हणाले, तुझी आई खूप रडली होती. तुला सोडून उठेना. हे मला आठवत नव्हतं. मला ती बाईच आठवत नव्हती. कितीतरी आया आल्या-गेल्या. काही रडल्या, काही नाही रडल्या. त्याचा चेहरा बघून माझ्या तोंडून ते निघालं, आणि निघाल्यावर त्याच्या खांद्यांमधलं काहीतरी सैल झालेलं मला दिसलं. तो गेला. वर्षभराने त्याचा मेल आला, की तो आता एका गटात आपली गोष्ट सांगतो, आणि गोष्टीची सुरुवातच या वाक्याने करतो. त्याने ते हातावर गोंदवून घेतलं होतं, डचमध्ये, फोटो जोडला होता. माझं खोटं, परक्या भाषेत, माणसाच्या कातडीवर. मी त्या मेलला उत्तर दिलं नाही. आजतागायत दिलेलं नाही.

आणि जे खरंच आठवतं ते सांगण्यासारखं नसतं. सही करायच्या वेळी आईबरोबर बहुधा कुणी पुरुष असायचा. बाप, मामा, गावचा कुणी पुढारी. मी वाचून दाखवायची, 'कोणाच्याही दडपणाशिवाय', आणि ती मुलगी मामाकडे बघायची. मामा मान हलवायचा. मग ती अंगठा उठवायची, किंवा शाळेत गेलेली असली तर फार नीट, गोल अक्षरांत सही करायची. दोन-तीन वर्षांनी आम्ही पुरुषांना बाहेर बाकावर बसवायला लागलो. हे कुठल्या नियमात नव्हतं, आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी एक दिवस मामाला सरळ "तुम्ही जरा चहा घेऊन या" म्हणून उठवलं, तिथून ती पद्धत पडली. त्या दिवशीच्या मुलीने सही केली नाही. ती मूल घेऊन मागच्या दाराने कुठे गेली ते मला आजही माहीत नाही. आता कायद्याने आईला पुनर्विचाराला साठ दिवस मिळतात. मामाला चहाला पाठवायचं कलम अजूनही नाही.

एकजण तीन वर्षांनी परत आली होती. लग्न झालेलं, गळ्यात मंगळसूत्र, हातात पिशवी, पिशवीत बुंदीचे लाडू. मुलाला बघायचं म्हणाली. मी सांगितलं, तो चांगल्या घरी गेला. "कुठल्या गावाला?" लांब आहे म्हटलं. तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, "यष्टी जाती का तिथवर?"

लाडू मावश्यांनी मुलांना वाटले.

कुणाला हे सांगायला लागलं की समोरचा हमखास क्रिकेटपटू लिसा स्थळेकर काढतो. आपल्याकडे ते रामबाण उत्तर झालं आहे. १३ ऑगस्ट १९७९ चा जन्म, पुण्यातच, ससूनजवळच्या श्रीवत्स अनाथालयातून हरेन स्थळेकर आणि त्यांच्या इंग्लिश पत्नीने तिला घेतलं, मग अमेरिका, केनिया करत सिडनी. ऑस्ट्रेलियाची कॅप्टन, एकदिवसीय सामन्यांत हजार धावा आणि शंभर बळी करणारी पहिली बाई. २०१३ चा विश्वचषक मुंबईत जिंकला आणि लगेच निवृत्त झाली. मला तिचं मनापासून कौतुक आहे; तो सामना मी टीव्हीवर उभं राहून पाहिला. पण तिच्या नावाने हिशेब मिटवायची आपल्याला जी घाई असते ती मला खुपते. ती पुण्यात राहिली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न लोक टाळ्या वाजवण्यासाठी विचारतात. जे कॅप्टन झाले नाहीत, जे शाळेत सुतारकाम शिकवतात, नाइट ड्यूटी करतात, घटस्फोट घेतात, ज्यांना बर्फ आवडत नाही, त्यांनाही आपलं दुसरं पान मागायचा तेवढाच अधिकार आहे. आणि त्यांनी तिथे सुखी नसण्याचीही मुभा असायला हवी. ती आपण त्यांना देत नाही. आपण म्हणतो, नाहीतर रस्त्यावर असतास.

मधल्या काळात सगळं बदललं. १९९० मध्ये दिल्लीत 'कारा' ही दत्तकांवर देखरेख करणारी केंद्रीय संस्था आली. देशादेशांतल्या दत्तकाबद्दलच्या १९९३ च्या हेग कराराला भारताने २००३ मध्ये मान्यता दिली. तरी पुण्यातल्याच एका संस्थेची मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआय चौकशी झालीच. परदेशी दत्तकातल्या पैशांवरून, आणि आयांच्या कागदांवरून. ती बातमी आली त्या आठवड्यात मी आमच्या जुन्या फायलींतल्या सह्या आठवत रात्री जागी असायची. आमच्याकडे सगळं नियमाने होतं. पण हे वाक्य प्रत्येक संस्थेने म्हटलेलं मी ऐकलं आहे.

आता उलटं झालंय. इथली जोडपीच नाव नोंदवून तीन-तीन वर्षं थांबतात, आणि मुलग्यांपेक्षा मुली जास्त दत्तक जातात. पत्रिका मागणारे ते गृहस्थ असतील तर त्यांनी हे जरूर वाचावं. २०२४-२५ मध्ये देशात ४,५१५ दत्तकं झाली, त्यातली ४,१५५ देशातच. उरली साडेतीनशेच्या वर, ती परदेशात, आणि त्यात बहुतेक आजारी, अपंग किंवा मोठी मुलं. म्हणजे आजही राहून गेलेलीच मुलं जातात, फक्त राहून जाण्याची कारणं बदलली. तिकडे दारं बंद होत आहेत. नेदरलँड्सने २०२१ मध्ये परदेशी दत्तक थांबवलं, पुन्हा थोडं उघडलं आणि २०२४ मध्ये हळूहळू बंद करायचंच ठरवलं. डेन्मार्कमधली उरलेली एकमेव संस्था त्याच वर्षी आवरायला निघाली. जून २०२५ मध्ये स्वीडनच्या चौकशी आयोगाने तिथेही हे थांबवण्याची शिफारस केली. त्या सुतारकामवालीला मी याबद्दल विचारलं. ती म्हणाली, तिची आई बातमी ऐकून स्वयंपाकघरात बसून रडली. स्वीडिश आई. "तिला वाटलं, सरकार म्हणतंय की मी चोर आहे." मग थोड्या वेळाने, "आणि मला वाटलं, असेल तर मला कळायला हवं. दोन्ही एकाच टेबलावर."

तिनेही तो प्रश्न विचारला, अर्थातच. दुपारी तीनची वेळ, कर्वेनगरातला माझा दोन खोल्यांचा फ्लॅट, पंखा. मी म्हणाले, मला तुझी आई आठवत नाही. सही माझी आहे, म्हणजे मी समोर बसलेली असणार, दोन फुटांवर. पण मला आठवत नाही. अहवालात 'उंच' लिहिलंय, म्हणजे ती उंच असणार. ते मी उगाच लिहिलं नसतं. बाकी मी काही सांगितलं तर ते खोटं असेल.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, तुमच्याकडे स्क्रू-ड्रायव्हर आहे का? माझ्या कपाटाचं एक दार कित्येक वर्षं खाली घासतंय. तिने बिजागरीचे दोन स्क्रू सैल केले, दार तळहाताने वर उचलून धरलं आणि पुन्हा पिळले. बोटं लांब आहेत तिची. दार लागलं.

हात धुऊन आली आणि म्हणाली, हा कागद मला वाचून दाखवाल का? मराठीत, जसा आहे तसा. तिने त्याचं भाषांतर शंभरदा वाचलं होतं, पण तो ऐकलेला कधीच नव्हता. तिने फोन रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवला.

मी चष्मा लावला. झाकलेल्या ओळी सोडून वाचायला लागले. लिहून देणार कु. अमुक, वय वर्षे एकवीस, कारणे त्यागपत्र लिहून देते ऐसाजे. 'ऐसाजे' आल्यावर मला हसू यायला लागलं, इतका जुना दफ्तरी शब्द. ती माझ्या तोंडाकडे बघत होती म्हणून आवरलं. मी अविवाहित असून दिनांक अमुक रोजी मला मुलगी झाली आहे. या कागदात सगळं 'मी' आहे, हे मी चाळीस वर्षांत कधी मोठ्याने वाचून पाहिलं नव्हतं. तेव्हा आम्ही भराभर वाचायचो, जमिनीचा दस्त वाचतात तसं. सदर मुलीचे पालनपोषण करण्यास मी असमर्थ आहे. सदर मुलीवर यापुढे माझा कोणताही हक्क राहणार नाही. हे त्यागपत्र मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने...

तिथे मी थांबले. तिने विचारलं, तो शब्द काय? तुम्ही हळू झालात.

राजी म्हणजे तयार, म्हटलं. खुशी म्हणजे आनंद.

"ती आनंदात होती?"

नाही, म्हटलं. म्हणजे मला माहीत नाही. तो शब्द तिचा नाही. तो आमच्या टायपिस्टचा आहे, आणि त्याचाही नाही, तो सगळ्याच कागदांत असतो. घर विकताना असतो, शेत गहाण टाकताना असतो. कुणी वाचत नाही.

भाषांतरात फक्त 'स्वेच्छेने' एवढंच आलं होतं, ती म्हणाली. आनंदाचं काही नव्हतं. तिने तो शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला. 'ख' तिला जमत नव्हता. मग म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून वाचा, न थांबता.

खाली भंगारवाला ओरडत गेला, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. ते सगळं त्या रेकॉर्डिंगमध्ये असणार. मी पहिल्यापासून वाचलं, राजीखुशीनेसकट, आणि शेवटी साक्षीदारांच्या ओळी आल्या. पहिलं नाव वाचलं. ते गृहस्थ जाऊन वीस वर्षं झाली. मग 'कु.' म्हणून माझं जुनं नाव वाचलं, आडनावासकट, आणि तिने फोन बंद केला.